थकवा, ताण आणि अश्वगंधा: डबी घेण्याआधी काय बघायचं

मिरजेत आमचं मेडिकल आहे. मी बी.फार्म. झालेली, आणि काउंटरवर नवऱ्यापेक्षा मीच जास्त वेळ उभी असते. अश्वगंधा आम्ही ठेवतो, चूर्णही आणि कॅप्सूलही, आणि दर डबीमागे चार पैसे सुटतात. हे आधीच सांगून ठेवते, म्हणजे पुढचं वाचताना तुम्हाला तो हिशेब धरता येईल.

पूर्वी अश्वगंधा मागायला यायचे ते साठीपुढचे आजोबा. आता ऐन तिशीतली पोरं येतात, शाळेतल्या बाया येतात, बँकेतले लोक येतात. सगळ्यांचं वाक्य जवळपास एकच: "अंगात त्राणच नाही हो, डोक्याला ताण फार आहे, काहीतरी आयुर्वेदिक द्या, साइड इफेक्ट नसलेलं." यातला शेवटचा भाग खोटा आहे, त्याच्याकडे नंतर येते. त्याआधी थकव्याबद्दल बोलू.

आधी रक्त तपासा

मागे एक बाई आल्या. शाळेत शिकवतात, चाळिशीच्या असतील.

"मॅडम, ती अश्वगंधाची मोठी डबी द्या."

"कशासाठी हवीय ताई?"

"जिना चढले की धाप लागते. शाळेतून आले की आडवं व्हावंसं वाटतं. वर परीक्षांचं टेन्शन."

मी काही डॉक्टर नाही, पण पैसे काढताना त्यांची नखं दिसली, कागदासारखी पांढरी. हळूच विचारलं, "पाळीत जास्त जातं का?" त्यांनी मागे उभ्या असलेल्या गिऱ्हाइकाकडे एक नजर टाकली आणि नुसती मान हलवली. डबी दिली नाही, लॅबचा रस्ता दाखवला. हिमोग्लोबिन आलं 7.8. डॉक्टरांनी लोहाच्या गोळ्या सुरू केल्या आणि रक्तस्राव का होतो ते बघायला सोनोग्राफी सांगितली. ही बाई दोन महिने दुधातून अश्वगंधा घेत राहिली असती, तर ते दोन महिने वायाच गेले असते. (गोळ्या नेताना त्यांनी विचारलं, चहाबरोबर चालतील का? नाही चालत. चहाने लोह शोषलं जात नाही नीट. लिंबूपाण्याबरोबर घ्या.)

असं वरचेवर होतं. 2019-21 च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत महाराष्ट्रातल्या 15 ते 49 वयाच्या 54.2 टक्के बायकांच्या अंगात रक्त कमी सापडलं होतं. म्हणजे माझ्या काउंटरवर थकव्याची तक्रार घेऊन दोन बाया आल्या, तर त्यांतल्या एकीला अ‍ॅनिमिया असणार, असं धरूनच मी चालते. पुरुषांत, आणि विशेषतः शाकाहारी घरांत, बी-12 कमी निघतं. थायरॉइड मंद असणं, साखर वाढलेली असणं, आणि रात्री घोरून घोरून झोपच न होणं, ही बाकीची नेहमीची मंडळी.

म्हणून अश्वगंधेच्या आधी डॉक्टरांना विचारून एवढं करून घ्या: सीबीसी (यात हिमोग्लोबिन कळतं), टीएसएच (थायरॉइडसाठी), बी-12, उपाशीपोटीची साखर किंवा एचबीएवनसी (तीन महिन्यांची सरासरी साखर), आणि एसजीपीटी. शेवटची तपासणी लिव्हरची. ती पुढे दोन कारणांनी उपयोगी पडेल.

आणि थकव्याबरोबर दोन आठवड्यांच्या वर मन उदास असेल, कशातच गोडी वाटत नसेल, जगणं नकोसं वाटत असेल, तर चूर्णाच्या नादी लागू नका. डॉक्टरांकडे जा, किंवा 14416 ला फोन लावा. टेलिमानस ही सरकारी सेवा 2022 पासून चालू आहे, फुकट आहे.

मग पुरावा काय म्हणतो?

परंपरेचा पुरावा आधी. चरकसंहितेत अश्वगंधा बल्य आणि बृंहणीय अशा दोन्ही गणांत आहे, म्हणजे ताकद देणारी आणि अंग भरणारी. वाग्भटांनी अष्टांगहृदयात म्हटलंय की दुधातून, तुपातून, तेलातून किंवा कोमट पाण्यातून पंधरा दिवस घेतली, तर चांगला पाऊस कोवळ्या पिकाला पोसतो तशी ती कृश माणसाला पोसते. उपमा इतकी सुंदर आहे की ती कुणासाठी दिलीय हे वाचणारा विसरतो. आज माझ्याकडे येणारा बहुतेक जण कृश नसतो. पोट सुटलेलं असतं, दिवसभर खुर्चीत बसणं असतं आणि घराचे हप्ते असतात. "ग्रंथात सांगितलंय" हे खरं आहे, पण ग्रंथातला रुग्ण तुम्हीच आहात का, हे वैद्यांनाच ठरवू द्या. चांगला वैद्य भूक, पचन, जीभ, झोप बघितल्याशिवाय अश्वगंधा लिहून देत नाही.

आता चाचण्या. जाहिरातीत ज्या अभ्यासाचा हवाला सगळ्यात जास्त दिसतो तो 2012 चा, हैदराबादचा. ताण असलेले 64 जण घेतले. निम्म्यांना मुळीच्या अर्काची 300 मिलिग्रॅमची कॅप्सूल दिवसातून दोनदा, निम्म्यांना हुबेहूब तशीच दिसणारी पण आत औषध नसलेली कॅप्सूल, म्हणजे प्लासिबो. 60 दिवसांनी प्रश्नावलीवर मोजलेला ताण अश्वगंधावाल्यांत 44 टक्क्यांनी उतरला, प्लासिबोवाल्यांत 5.5 टक्क्यांनी. रक्तातलं कॉर्टिसॉल, म्हणजे ताणाचं हार्मोन, तेही अश्वगंधेने जवळपास 28 टक्क्यांनी खाली आलं.

आकडे घसघशीत आहेत. पण मला खटकतो तो 5.5. ताणासारख्या, मनाने मोजायच्या तक्रारीत नुसत्या साखरेच्या गोळीनेही लोकांना बऱ्यापैकी बरं वाटतं. कुणीतरी विचारपूस करतंय, दर काही दिवसांनी बोलावतंय, एवढ्यानेही वाटतं. इथे प्लासिबोवाले जवळपास होते तिथेच राहिले. हा अभ्यास खोटा आहे असं मी म्हणत नाही. एवढ्या लहान अभ्यासातल्या एवढ्या मोठ्या आकड्यावर घर बांधू नये, इतकंच.

2009 च्या कॅनडातल्या चाचणीची गंमत बघा. चिंतेचा त्रास असलेले 75 जण, 12 आठवडे. अश्वगंधेच्या गटाला अश्वगंधा तर दिलीच, शिवाय आहाराचा सल्ला, मल्टिव्हिटॅमिन आणि दीर्घ श्वसनाचा सराव. दुसऱ्या गटाला समुपदेशन, तोच श्वसनाचा सराव आणि प्लासिबो. पहिला गट जास्त सुधारला. आता श्रेय कुणाला द्यायचं? मुळीला, आहाराला की व्हिटॅमिनला? तरी जाहिरातीत हा अभ्यास अश्वगंधेच्याच नावावर जमा होतो.

थकव्याचा पुरावा आणखी तोकडा आहे, आणि हे दुकानात कुणाला सांगितलं तर चेहरा पडतो. ऑस्ट्रेलियात 2019 मध्ये 40 ते 70 वयाच्या, वजन जास्त आणि थोडा थकवा असलेल्या पुरुषांवर चाचणी झाली. अश्वगंधेने टेस्टोस्टेरॉन, म्हणजे पुरुषी हार्मोन, सुमारे 15 टक्क्यांनी जास्त दिसलं. थकवा मात्र प्लासिबोच्या तुलनेत कमी झाला नाही, उत्साहही वाढला नाही. जाहिरातवाले पहिलं वाक्य छापतात आणि दुसरं गाळतात. पुन्हा ऑस्ट्रेलियातच, 2023 मध्ये, ताण आणि थकवा दोन्ही असलेल्या 111 जणांवर 12 आठवड्यांची चाचणी झाली. तिथे उलट निघालं: थकवा प्लासिबोपेक्षा जास्त कमी झाला, पण ताणाच्या गुणांत दोन्ही गटांत फरक नाही. म्हणजे एकीकडे ताण उतरतो, दुसरीकडे थकवा उतरतो, तिसरीकडे नुसतं हार्मोन हलतं.

2022 मध्ये इराणी संशोधकांनी 12 चाचण्या, मिळून 1002 माणसं, एकत्र करून हिशेब मांडला. ताण आणि चिंता दोन्हींवर फायदा दिसला, पण पुराव्याची खात्री त्यांनी स्वतःच "कमी" अशी नोंदवली. मला हे मत पटतं. थोड्या प्रमाणात, काही लोकांना, ताणासाठी आणि झोपेसाठी उपयोग होत असावा. नुसत्या थकव्यासाठी मी पैसे घालवायला सांगणार नाही.

स्वतः शोधायचं असेल तर पबमेड या वैद्यकीय अभ्यासांच्या वेबसाइटवर वनस्पतीचं शास्त्रीय नाव टाका, विथॅनिया सोम्निफेरा. भारतातल्या चाचण्या सीटीआरआय या नोंदवहीत सापडतात. अभ्यास उघडला की चार गोष्टी बघायच्या: माणसं किती, किती आठवडे, तुलनेला प्लासिबो होता का, आणि पैसे कुणी दिले. शेवटचं उत्तर बहुधा अर्क बनवणारी कंपनीच निघतं. त्याने अभ्यास बाद होत नाही, पण चष्मा पुसून वाचावा.

कुणी घेऊच नये

इथे मी काउंटरवर सरळ नाही म्हणते. पोटुशी बाई, मूल अंगावर पिणारी बाई. लिव्हरचा कुठलाही जुना आजार असलेले (एसजीपीटी आधी करायचं पहिलं कारण हेच), रोज दारू घेणारे. थायरॉइड वाढलेलं असलेले. रुमॅटॉइड संधिवात, ल्युपस अशा, शरीराची प्रतिकारशक्तीच उलटलेल्या आजारांचे रुग्ण, किडनी बदललेले, कारण त्यांची औषधं प्रतिकारशक्ती दाबणारी असतात आणि अश्वगंधा नेमकी उलटी ओढू शकते. झोपेच्या किंवा फिट्सच्या गोळ्या चालू असलेले. ऑपरेशन ठरलेलं असेल तर डॉक्टरांना सांगून आधीच बंद.

थायरॉक्सिन, म्हणजे मंद थायरॉइडची गोळी, घेणाऱ्या बायका सगळ्यात जास्त विचारतात, म्हणून जरा थांबून सांगते. 2018 मध्ये थायरॉइड किंचित मंद असलेल्या 50 जणांवर भारतातच अभ्यास झाला. रोज 600 मिलिग्रॅम अर्क, 8 आठवडे. टी3, टी4 ही थायरॉइडची हार्मोन्स वाढली, आणि थायरॉइड मंद असताना चढलेला असतो तो टीएसएच उतरला. हे वाचून एखादी म्हणते, "मग चांगलंच की, गोळी सोडते." अजिबात नको. गोळीचा डोस डॉक्टरांनी तुमचा टीएसएच बघून बसवलेला असतो. त्यात अश्वगंधेने भर घातली, तर छाती धडधडणं, हात थरथरणं, वजन उतरणं सुरू होऊ शकतं. साखरेच्या आणि बीपीच्या गोळ्या चालू असतील तर डॉक्टरांना सांगितल्याशिवाय सुरू करू नका. आकडे जास्त खाली जाऊ शकतात.

डबी हातात घ्या, चष्मा लावा

समजा तपासण्या ठीक आल्या, वरच्या यादीत तुम्ही नाही, ताण आहे, झोप उडालीय, आणि करून बघायचंच आहे. तर लेबल वाचा.

परवा एका गिऱ्हाइकासमोर मी दोन डब्या शेजारी ठेवल्या. दोन्हींवर मोठ्या अक्षरात "अश्वगंधा 500 मिग्रॅ". पहिलीच्या पाठीवर बारीक अक्षरात लिहिलं होतं: मूळ, चूर्ण. दुसरीवर: मुळीचा अर्क, विथॅनोलाइड्स (अश्वगंधेतली मुख्य कामाची द्रव्यं) 5 टक्के. पहिलीत कॅप्सूलमध्ये नुसती पावडर भरलेली. चूर्णाची रूढ मात्रा दिवसाला 3 ते 6 ग्रॅम. म्हणजे 3 ग्रॅमसाठी त्या डबीतल्या सहा कॅप्सूल रोज गिळाव्या लागतील. दुसरीतला अर्क आटवून घट्ट केलेला, त्यात 500 चे 5 टक्के म्हणजे 25 मिलिग्रॅम विथॅनोलाइड्स. ज्या चाचण्यांचे आकडे वर दिले, त्या बहुतेक अर्काच्या आहेत, दिवसाला 240 ते 600 मिलिग्रॅमच्या. अर्काचा पुरावा दाखवून चूर्ण खपवणं सर्रास चालतं. चूर्ण वाईट नाही, पण त्याच्यामागे ग्रंथ आणि वैद्यांचा अनुभव आहे, त्या चाचण्या नाहीत. पहिली डबी चाळीस रुपयांनी स्वस्त होती आणि गिऱ्हाईक तीच उचलत होतं.

"मूळ" हा शब्द लेबलवर शोधाच. पानं स्वस्त पडतात, म्हणून काही उत्पादनांत पानांचा अर्क मिसळतात, आणि पानांत विथॅफेरिन ए हे जहाल द्रव्य जास्त असतं. 2021 मध्ये आयुष मंत्रालयाने उत्पादकांना पानं वापरू नका असं कळवलं होतं. काही नावाजलेल्या अर्कांत मूळ आणि पान दोन्ही असतात आणि तसं लिहिलेलंही असतं. मी मुळीचाच देते.

मग परवाना बघा. आयुर्वेदिक औषध असेल तर राज्याच्या उत्पादन परवान्याचा नंबर, अन्नपूरक म्हणून विकत असतील तर एफएसएसएआयचा, म्हणजे अन्न सुरक्षा प्राधिकरणाचा, 14 आकडी नंबर. बॅच नंबर आणि मुदत दोन्हींवर हवीच. काष्ठौषधीच्या दुकानात "नागोरी आहे बघा" म्हणून सुटं चूर्ण देतात. नागोरी म्हणजे राजस्थानातल्या नागौरकडची, नावाजलेली. पण आज बराच माल मध्य प्रदेशातल्या नीमच-मंदसौर भागातून येतो, आणि सुट्या पुडीवर ना बॅच ना तारीख. घ्यायचीच तर अख्खी मुळी घ्या आणि घरी कुटा. आणि कुठलीही बिनालेबलाची "शक्तीची पावडर" दोन-तीन दिवसांतच तरतरी आणत असेल, भूक खवळत असेल, तोंड सुजल्यासारखं गोल होत असेल, तर ती ताबडतोब बंद करून डॉक्टरांकडे जा. अशा पुड्यांत स्टेरॉइड मिसळलेलं सापडतं.

अश्वगंधारिष्ट मागणाऱ्यांना एकच सांगते: त्यात आपोआप तयार होणारं 5 ते 10 टक्के अल्कोहोल असतं. बाटलीवर लिहिलेलं असतं, कुणी वाचत नाही.

घ्यायची कशी, आणि उपयोग झाला हे ओळखायचं कसं

अर्क असेल तर जेवणानंतर, 300 मिलिग्रॅम एकदा किंवा दोनदा. मी रात्रीपासून सुरू करायला सांगते, कारण काहींना पेंग येते. चूर्ण असेल तर सपाट चहाचा चमचा, कोमट दुधातून रात्री. 100 ग्रॅमची डबी 3 ग्रॅमने महिनाभर पुरते. दूध पचत नसेल तर कोमट पाणी. पोट बिघडणं, मळमळ, जुलाब हे पहिल्या आठवड्यात होऊ शकतं. निम्म्यावर आणूनही थांबलं नाही तर सोडून द्या.

आता मोजमाप. आमच्या गल्लीतला एक पोरगा परदेशी कंपनीचं काम घरून करतो. एक दिवस खूश होऊन आला.

"काकू, अश्वगंधाने जबरदस्त फरक पडला!"

"छान. आणखी काय बदललंस मधल्या काळात?"

"काही नाही. म्हणजे, रात्रपाळी बंद झाली ना, आता दिवसाची शिफ्ट आहे."

त्याला अजूनही अश्वगंधेनेच बरं वाटलंय.

म्हणून सुरू करण्याआधी दोन आठवडे नुसती नोंद ठेवा, औषध न घेता. दर रविवारी वहीत तीन आकडे, 0 ते 10 मधले: ताण किती, थकवा किती, झोप कशी. ताणासाठी अभ्यासांत वापरतात ती दहा प्रश्नांची प्रश्नावलीही आहे, 1988 पासूनची, एकूण 40 गुणांची. जमली तर तीच भरा. हे दोन आठवडे फार महत्त्वाचे. त्रास शिगेला पोचला की माणूस औषध सुरू करतो, आणि शिगेनंतर उतार बहुधा येतोच, औषध घ्या न घ्या. या दोन आठवड्यांतच आकडे खाली आले, तर डबीचे पैसे वाचले.

मग सुरू करा, पण त्याबरोबर दुसरं काही नवं सुरू करू नका. जिम, मल्टिव्हिटॅमिन, चहा सोडणं, सगळं एकदम केलंत तर त्या कॅनडाच्या चाचणीसारखी गत होईल. चौथ्या दिवशी निकाल लावू नका. चाचण्यांत फरक दिसला तो 6 ते 8 आठवड्यांनी. घरातल्या कुणाला तरी, अश्वगंधा सुरू केलीय हे न सांगता, त्यांचंही मत नोंदवून घेता आलं तर उत्तम. सासूबाई सहज म्हणाल्या "हल्ली चिडत नाहीस", तर ते तुमच्या स्वतःच्या आकड्यापेक्षा वजनदार.

60 दिवसांनी थांबा. फरक दोन गुणांहून कमी असेल तर पुन्हा घेऊ नका, कंपनी बदलूनही नको. फरक असेल तरी तीन-चार आठवडे बंद ठेवा आणि नोंद चालू ठेवा. बंद करूनही बरंच वाटत असेल तर गरज संपली. तीन महिन्यांच्या पुढे रोज घेण्याच्या सुरक्षिततेचे अभ्यास फार थोडे आहेत, म्हणून "वर्षभर चालूच आहे हो" म्हणणाऱ्यांना मी पुढची डबी देताना एसजीपीटी विचारते.

लिव्हर

आता ते "साइड इफेक्ट नाही". 2020 मध्ये आइसलंड आणि अमेरिकेतल्या पाच रुग्णांची नोंद प्रसिद्ध झाली, अश्वगंधेनंतर झालेल्या काविळीची. 2023 मध्ये भारतातल्या यकृततज्ज्ञांनी आपल्याकडच्या रुग्णांची मालिका छापली. त्यात आधीच लिव्हरचा जुना आजार असलेले काही जण दगावलेही. त्याच वर्षी डेन्मार्कने अश्वगंधेवर बंदी घातली. लाखो लोक घेतात आणि बहुतेकांना काही होत नाही, हेही खरं. पण होतं तेव्हा बहुधा 2 ते 12 आठवड्यांत होतं, म्हणजे नेमकं तुम्ही "करून बघत" असता तेव्हाच.

लघवी गडद पिवळी, डोळे पिवळे, अंगाला खाज, भूक मेलेली: यातलं काहीही दिसलं की त्याच दिवशी बंद, आणि डॉक्टरांकडे. आमच्या भागात कावीळ उतरवायला लोक अजून गावठी औषधाकडे जातात, डोळ्यात रस घालून घेतात. या काविळीला ते नको. आधीची एसजीपीटी असेल तर डॉक्टरांना तुलना करता येते, हे ते दुसरं कारण. डॉक्टरांनी "कुठली औषधं चालू आहेत?" विचारलं की लोक आयुर्वेदिक धरतच नाहीत. धरा, आणि डबीच घेऊन जा.

त्रास झाला तर नोंदवता येतो, 1800-180-3024 या मोफत नंबरवर किंवा जवळच्या आयुर्वेद महाविद्यालयात. नोंदवताना बॅच नंबर विचारतात, म्हणून कोर्स संपेपर्यंत रिकामी डबीसुद्धा भंगारात टाकू नका.